ज्याची शिकार नाही, त्याचा वाली कोण?

वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा खर्च शिकाऱ्याने सोसावा, ही गोष्ट प्रथम ऐकताना विपरीत वाटते. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती खरोखरच घडून आली आहे. १९३७ साली तेथे पिटमन-रॉबर्टसन कायदा संमत झाला आणि बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळू लागले. शिकारीच्या परवान्यांचे शुल्क राज्यांच्या तिजोरीत येत होतेच. या पैशाच्या बळावर हरिणे व रानटर्की यांची संख्या पुन्हा वाढीस लागली. हे यश लहान नव्हे.

तथापि पैसा ज्याचा, त्याच्या आवडीकडे खात्याचे लक्ष अधिक, हा जगाचा नियमच आहे. गाणारे पक्षी, बेडूक, कासवे, वटवाघळे, नदीतले शिंपले यांची शिकार सहसा कोणी करीत नाही. शिकारीच्या मोजक्या प्राण्यांहून अशा जातींची संख्या कितीतरी मोठी. परंतु त्यांच्यासाठी परवाना काढणारा कोणी नाही. म्हणून त्यांची गणती नाही, आणि गणती नाही म्हणून त्यांचा ऱ्हासही वेळेवर ध्यानात येत नाही. १९७३ चा संकटग्रस्त जातींचा कायदा त्यांच्या मदतीस येतो खरा. पण बहुधा रोग बळावल्यानंतर.

मिसूरी राज्याने या अडचणीतून एक वाट काढली. १९७६ साली तेथील मतदारांनी थोड्याशा बहुमताने राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि विक्रीकरात एक अष्टमांश टक्क्याची भर घालून ती निसर्गरक्षणाकडे वळविली. आठ डॉलरांच्या खरेदीवर एक सेंट, एवढाच हा भार! परंतु त्यामुळे बंदूक कधीही हाती न धरणारा नागरिकही रानाचा भागीदार झाला.

याच राज्याच्या ओझार्क पहाडांतील थंड, स्वच्छ ओढ्यांत हेलबेंडर नावाचा बेडकांच्या दूरच्या गोतातला प्राणी राहतो. लांबी दीड-दोन फूट, रूप ओबडधोबड, वास्तव्य दगडांखाली. तो कातडीवाटे श्वास घेतो. त्यामुळे पाणी गढूळ वा दूषित झाले की त्याचा जीव गुदमरतो. त्याची संख्या अतिशय घटली, तेव्हा राज्याचे खाते व सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालय यांनी मिळून प्रयत्न आरंभिले. २०११ साली बंदिस्त जागेत त्याची पिले प्रथमच जन्मास आली आणि पुढे ओढ्यांत सोडण्यात येऊ लागली. मात्र ओढा निर्मळ नसेल, तर सोडलेले पिलू जगणार कसे?

म्हणूनच एकेका प्राण्यामागे धावण्यापेक्षा संपूर्ण राज्याचा आराखडा हवा, हा विचार बळावला. मध्यवर्ती निधी हवा असेल, तर ऑक्टोबर २००५ पर्यंत अशी योजना सादर करावी, अशी अट राज्यांना घालण्यात आली. आणि पन्नासही राज्यांनी ती पाळली. कोणत्या जाती खालावत आहेत, त्या कोठे राहतात, त्यांना भय कशाचे, उपाय कोणते, त्यांचा परिणाम कसा पडताळावा, याचा विचार योजनेत करावा लागतो. जनतेचा सहभाग आवश्यक असून दर दहा वर्षांच्या आत फेरतपासणी बंधनकारक आहे. सर्व राज्यांच्या याद्यांत मिळून बारा हजारांहून अधिक जाती आहेत.

योजना झाल्या, पैसा मात्र तेवढा आला नाही. राज्यांना दरसाल शंभर कोटींहून अधिक डॉलर देणारे विधेयक जून २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले. परंतु सिनेटमध्ये त्यावर मतदान न होताच ते निकालात निघाले. याद्या लिहिणे हे विद्वानांचे काम, त्या पुऱ्या करणे हे समाजाचे. ज्याच्यापासून शिकारही मिळत नाही आणि मिरविण्याजोगी शोभाही नाही, अशा प्राण्यासाठी एक सेंट देण्यास मिसूरीचा नागरिक राजी झाला. ज्याचा कोणी वाली नाही, त्याचे वाली सर्वांनी व्हावे, हेच अशा योजनेचे मर्म होय.