घरचे बालमंदिर
(ज्युबिली महोत्सवानिमित्त उमरगा येथे भरलेल्या सभेत दिलेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी वक्ता नव्हे. पुण्यास एका मोठ्या कंपनीत बारा वर्षे हिशेब आणि आकडे यांत घालविलेला मी मनुष्य. तेथे बोलणे थोडे आणि तक्ते फार. परंतु फादरांनी सांगितले की, "तुम्ही नोकरी का सोडली आणि लहान मुलांची शाळा का काढली, एवढेच सांगा, लोक मला विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही." उत्तर मलाही एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा सारा प्रपंच.

आरंभीच एक गैरसमज दूर करितो. आमच्या या कृत्यास पुष्कळजण त्याग म्हणतात. तो शब्द ऐकून मला संकोच होतो. ज्यांनी खरोखर काही टाकून दिले, त्यांची चरित्रे मी या कामात पडल्यावर वाचली, आणि आपले माप आपल्याला कळले.

भावनगरचे गिजुभाई बधेका यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. हे गृहस्थ वकील होते. काठेवाडात वढवाण येथे त्यांची वकिली चांगली चालू होती. सन १९१३ मध्ये त्यांस पुत्र झाला, आणि या मुलाला शिकवावयाचे कसे, असा प्रश्न त्यांस पडला. आपण सर्वच बाप होतो. पण हा प्रश्न किती जणांस पडतो? आपण शाळेचे नाव आणि फीचा आकडा विचारतो आणि मोकळे होतो. गिजुभाईंनी मादाम मॉन्टेसरींचे विचार वाचून काढले, १९१६ साली वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेत ते दाखल झाले, आणि १९२० मध्ये तेथे त्यांनी बालमंदिर उघडले. पुढे लोक त्यांस प्रेमाने 'मिशाळ आई' म्हणू लागले. ज्या मनुष्याने न्यायालयात उलटतपासणी करावयाची, तो अडीच-तीन वर्षांच्या मुलांस गोष्टी सांगत बसला, याचे त्या काळी लोकांस केवढे आश्चर्य वाटले असेल!

आपल्या मराठी मुलखाचे उदाहरण याहून जवळचे आहे. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. त्या पदवीधर होत्या. राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी होत्या. ते पद त्या काळी एका हिंदी स्त्रीस मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. ते सोडून १९२३ साली त्या भावनगरास गिजुभाईंच्या हाताखाली गेल्या. १९२६ मध्ये या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. पुढे १९३६ साली ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार काढला. येथवरची कथा शहराची आहे, आणि शहरातल्या सुशिक्षित पालकांची आहे. खरी कसोटी पुढे लागली. १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी दादर सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुण्याची शाळेतली नोकरी सोडून अनुताई वाघ तेथेच त्यांस येऊन मिळाल्या. नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी मुलांस दोष दिला नाही. शाळाच उचलून पाड्यातल्या अंगणात नेली. तिला त्यांनी अंगणवाडी म्हटले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची बालविकास योजना सुरू झाली, आणि आज आपल्या गल्लीच्या टोकाशी अंगणवाडीची जी पाटी दिसते, तो शब्द त्या अंगणातून आलेला आहे.

आता आमच्याकडे वळतो.

आमचे मूळ गाव सास्तूरच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने त्या पट्ट्यातील गावे जमीनदोस्त केली, हे या सभेत कोणास सांगावयास नको. येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी ती तारीख पाळली जाते. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आम्ही पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहिलो. मोठी माणसे ढिगाऱ्यांकडे जात, आणि लहान पोरे पत्र्यांच्या सावलीत भेदरून बसत. माझी आई चौथी शिकलेली. तिने त्या पोरांस गोळा केले. कोणी कानडी बोलणारे, कोणी उर्दू, कोणी तांड्यावरचे. ती त्यांस ओव्या म्हणून दाखवी, चिंचोके मोजावयास देई, मातीची बैले करावयास लावी. हे शिक्षण आहे असे तिला वाटले नाही, आणि मलाही पुढे पंचवीस वर्षे वाटले नाही. मी ते विसरूनच गेलो होतो.

पुण्यास आमची मुलगी अडीच वर्षांची झाली. पत्नी आणि मी दोघेही नोकरीस. मुलगी सकाळी आठपासून सायंकाळी सातपर्यंत पाळणाघरात. एके रात्री मी घरी आलो तेव्हा ती झोपली होती, आणि तिच्या मुठीत एक पेन्सिल होती. पाळणाघरातून तिला 'ए' चे पान चाळीस वेळा गिरवावयास दिले होते; तेवढे झाल्यावाचून झोपावयाचे नाही, असे तिने आपल्यापुरते ठरविले होते. मी ती पेन्सिल काढू लागलो तर मूठ सुटेना. एवढीच गोष्ट. यात कोणाचा जुलूम नव्हता. पाळणाघरातील बाई भल्या होत्या, त्यांस पालकांनीच ते करावयास सांगितले होते, आणि त्या पालकांत मीही होतो.

वर्षभराने आम्ही उमरग्यास परत आलो. राजीनामा देताना मी फार धीट होतो असे नाही. कंपनीच्या फंडाचे पैसे आणि पत्नीचे थोडे सोने एवढेच बळ होते. सासऱ्यांनी आमच्याशी सहा महिने भाषण केले नाही. त्यांचा राग अन्यायाचा होता, असे मी आज म्हणणार नाही. घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि अंगण मोकळे करून आम्ही जूनमध्ये अकरा मुलांनिशी बालमंदिर उघडले. पत्नीने तत्पूर्वी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला होता. मी हिशेब, मांडणी आणि झाडलोट पाहू लागलो. आईने स्वयंपाकघर सांभाळावे, असे ठरले.

पहिल्या वर्षीची माझी चूक सांगितली पाहिजे. मी कंपनीतला मनुष्य. मी प्रत्येक मुलाचा तक्ता केला. कोणास किती रंग येतात, किती अंक येतात, कोण मागे, कोण पुढे. दट्ट्यापेटी, गुलाबी मनोरा असे महाग साहित्य बाहेरून मागविले, आणि ते खराब होऊ नये म्हणून कपाटात कुलपात ठेविले! पालक आले म्हणजे कपाट उघडून दाखवी. पालक प्रसन्न होत, पण जाताना विचारीत, "सर, पोरगं लिहायला कधी लागणार?" तेव्हा मी दबलो आणि तीन वर्षांच्या मुलांस पाट्या दिल्या. ज्या गोष्टीपासून पळून आलो, तीच मी माझ्या घरी करू लागलो.

तांड्यावरचा एक मुलगा आमच्याकडे होता. घरी लमाणी बोलणारा. पाटी दिल्यापासून तो बोलेनासाच झाला, नुसता बसे. माझ्या तक्त्यात त्याच्या नावापुढे शून्ये वाढत गेली. एके दिवशी तो स्वयंपाकघरात आईजवळ सापडला. आई सुपात तुरी पाखडीत होती, आणि हा मापटे भरभरून तिच्या पुढ्यात ओतीत होता. दोन मापट्यांचा शेर कसा होतो ते आपल्या भाषेत तिला समजावून सांगत होता. आईस लमाणी येत नाही. ती आपली "हो का रे? मग?" एवढेच म्हणत होती. मी दारात उभा राहिलो. तिने वर पाहिले आणि म्हणाली, "तुझ्या कपाटातलं तू ठेव. ही पोरं मला दे."

तेव्हापासून आमच्या बालमंदिराची मुख्य शिक्षिका ती आहे. कपाटाचे कुलूप निघाले. परंतु मुले दट्ट्यापेटीपेक्षा सूप, चाळणी, जाते, गजगे, कडब्याची धाटे यांतच अधिक रमतात असे दिसून आले. कोसबाडला ताराबाई व अनुताई यांनी शिंपले, बिया आणि पाने यांचेच साहित्य केले होते, हे मी पुढे वाचले. आईने ते वाचलेले नव्हते.

आणि मादाम मॉन्टेसरींविषयी दोन शब्द. त्या वैद्यकीच्या पदवीधर, आपल्याच कॅथॉलिक धर्मसभेच्या कन्या. रोममधील सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर मुले इमारतीच्या भिंती खराब करीत, म्हणून मालकांस कोणीतरी त्यांजवर लक्ष ठेवणारे हवे होते. आरंभ इतका साधा होता. १९३९ साली त्या हिंदुस्थानात मद्रासजवळ अड्यार येथे आल्या, आणि महायुद्धात इटली उतरताच सरकारने त्यांस शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरविले. त्यांचा पुत्र मारिओ यास नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत अटकेत ठेविले होते. ऑगस्ट १९४० मध्ये आईच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याची सुटका झाली. माता आणि पुत्र यांनी मिळून हे काम जन्मभर केले. घरच्या माणसांनी मिळून शाळा चालविणे सोपे असते, असे मात्र कोणी समजू नये. आमच्याकडे शाळेतला वाद जेवणाच्या ताटावर येतो आणि ताटावरचा रुसवा सकाळच्या प्रार्थनेत दिसतो. राजीनामा देऊन सुटण्याची सोय येथे नाही.

पैशाचे विचाराल तर आता त्रेपन्न मुले आहेत आणि खर्च भागतो; पुण्याच्या पगाराशी तुलना करू नये. पाच पालकांनी 'लिहावयास शिकवीत नाहीत' म्हणून गेल्या वर्षी मुले काढून नेली. त्यांना मी समजावू शकलो नाही. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सहा वर्षांपासून पुढे लागू आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते आठ ही वर्षे पायाभूत म्हणून घेतली, हे खरे. पण धोरण पालकांच्या कानी जाण्यास वेळ लागेल.

शेवटी फादरांच्या सूचनेकडे येतो. दिवाळीनंतर तांड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि लहान मुले त्यांजबरोबर कारखान्यांच्या फडावर जातात. ज्यांस आजी-आजोबांजवळ ठेवितात, ती मुले दिवसभर मोकळी हिंडतात. अशा मुलांकरिता चर्चच्या आवारात सकाळी तीन तास वर्ग भरवावा, असे फादर म्हणतात. माझे मत वेगळे आहे. मुलांनी येथे यावयाचे नाही. आपण तांड्यावर जावयाचे. त्यास दोन शिक्षिका, एक जुनी जीप आणि दुधाचा खर्च एवढे लागेल. लमाणी येणारी एक मुलगी बारावी होऊन घरी बसली आहे. ती तयार आहे. पत्नी तयार आहे. आईचे वय अडुसष्ट. तिला दमा आहे, आणि तिने अद्याप होकार दिलेला नाही. तिने एवढेच विचारले की, जीप सकाळी किती वाजता निघणार.