रात्रीची गाडी आणि आपली खिडकी
(जबलपूर येथील शाखा सभेतील भाषण)



आज पगार आणि भत्त्याचा विषय आम्ही मुद्दाम बाजूला ठेवला आहे. तो पुढच्या सभेत येईलच, त्याला कोण अडवणार! आज बोलायचे आहे ते प्रवाशांच्या सुरक्षिततेबद्दल. काही साथींनी विचारले, चोर पकडणे हे पोलिसांचे काम, त्यात युनियनचा काय संबंध? त्यांना एक घडलेली गोष्ट सांगतो.

आपल्या एक टपाल भगिनी कटनीकडून रात्रीच्या शटलने ड्यूटीवर येत होत्या. गाडी आउटरवर उभी राहिली. दारातल्या दोघांनी त्यांची पर्स हिसकावली, हाताला जखम केली आणि अंधारात उड्या टाकल्या. बाई स्टेशनवर उतरल्या त्या तडक खिडकीवर गेल्या. खिडकीवरच्या बाबूने मान वर न करता सांगितले, "हे आमच्याकडे नाही." दुसऱ्या दाराशी उत्तर मिळाले, गुन्हा नोंदवणे आमचे काम नाही. तिसऱ्या दाराशी विचारले, घटना नक्की कोणत्या हद्दीत घडली? रक्त पुसत बाई ड्यूटीवर गेल्या. तक्रार नोंदली गेलीच नाही. स्टेशनचे नाव आम्ही सांगत नाही. पण खिडकीवरचा तो बाबू आपलाच सभासद होता, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता हा हद्दीचा घोळ समजून घेऊ. आरपीएफ केंद्र सरकारची. 1957 च्या कायद्याने ती उभी राहिली ती मुख्यतः रेल्वेच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी. प्रवाशांचे रक्षण तिच्या कामात 2003 च्या दुरुस्तीने आले. जीआरपी मात्र राज्य सरकारची, कारण पोलीस हा राज्याचा विषय. चोरी, लूट, विनयभंग यांचा गुन्हा जीआरपी नोंदवते. मुंबईहून इटारसीमार्गे जबलपूरला येणारी गाडी एका रात्रीत दोन राज्ये आणि कितीतरी ठाण्यांच्या हद्दी ओलांडते. झोपेत बॅग गेलेल्या माणसाला हद्द कशी कळावी?

कायद्याने हे उत्तर दिलेले आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे, गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. चालत्या गाडीत टीटीई आणि गार्ड यांच्याकडे तक्रारीचा फॉर्म मिळतो (गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, नाव वाढले, काम होते तेवढेच आहे). फॉर्म भरून दिला की प्रवाशाला मध्येच उतरावे लागत नाही. मदतीचा फोन नंबर 139. आपल्यापैकी किती जणांनी तो फॉर्म डोळ्यांनी पाहिला आहे? हात वर करा, असे म्हणत नाही, उगाच पंचाईत व्हायची.

आता आपल्या संबंधाचे. रेल्वे कायदा 1989 चे कलम 100 काय म्हणते? प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेले सामान गेले तर रेल्वे जबाबदार नाही. रेल्वेचा किंवा तिच्या नोकराचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच जबाबदार. म्हणजे भरपाई मागणारा प्रवासी कोणाचा दोष शोधणार? टीटीईने दार उघडे ठेवले, अनधिकृत माणसे डब्यात शिरू दिली, असेच तो म्हणणार. एकेका टीटीईकडे कितीतरी डबे सोपवायचे, रिक्त जागा भरायच्या नाहीत, आणि चार्जशीट मात्र हजर माणसाला द्यायची! प्रवाशाची सुरक्षा हा आपल्या जागांचा प्रश्न आहे तो असा.

कलम 124-अ तर प्रत्येकाने पाठ करावे. 1994 च्या दुरुस्तीने ते आले. गाडीत, प्लॅटफॉर्मवर, बुकिंग ऑफिसात हिंसक हल्ला, लूट किंवा दरोडा झाला आणि प्रवासी मेला किंवा जखमी झाला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. मृत्यूची रक्कम पूर्वी 4 लाख होती, 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख आहे. अर्ज क्लेम्स ट्रिब्युनलकडे एका वर्षाच्या आत करायचा. या कलमात "प्रवासी" या शब्दात ड्यूटीवरचा रेल्वे नोकरही धरलेला आहे. टपाल कर्मचाऱ्याचा मात्र त्यात उल्लेख नाही. आरएमएसचा माणूस त्याच गाडीत, त्याच रात्री, सरकारच्याच थैल्या सांभाळतो. त्याचे नाव त्या व्याख्येत आले पाहिजे, ही मागणी रेल्वे आणि टपालच्या साथींनी मिळून लावून धरायची आहे.

काही जण म्हणतात, आमच्या हातात ना बंदूक ना लाठी, आम्ही काय करणार? ऑगस्ट 2002 मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये एका मतिमंद मुलीवर बलात्कार झाला. डब्यात इतर प्रवासी होते, कोणी अडवले नाही. याच मुंबईत 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून हटले नाहीत. मागच्या बाजूने बाहेर पडा, असे ते माइकवरून सांगत राहिले. शेकडो माणसे वाचली. त्यांच्या हातात फक्त माइक होता. त्याच स्टेशनवर त्या रात्री जीआरपीचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे धारातीर्थी पडले. असे धैर्य सर्वांनी दाखवावे, असा आदेश आम्ही काढू शकत नाही. खिडकीवरून मान वर करायला मात्र एवढे धैर्य लागत नाही.

आपल्या भगिनी आता बुकिंगवर आहेत, फाटकावर आहेत, रात्रपाळीत आहेत. मधल्या लहान स्टेशनांवर दिवा नाही, कुलूप लागणारी खोली नाही, सोबतीला माणूस नाही. त्यांची सुरक्षा आणि प्रवाशांची सुरक्षा वेगळी काढता येत नाही.

म्हणून निवेदनात तीन मागण्या घातल्या आहेत: आउटरवर आणि मधल्या स्टेशनांवर दिवे, रात्रीच्या शटलला गस्त, आणि टीटीईच्या रिक्त जागांची भरती. आरएमएसच्या मागणीचा मसुदा वेगळा आहे. दोन्ही कागद टेबलावर ठेवले आहेत, वाचून सह्या करा. तक्रारीचे कोरे फॉर्मही मागवले आहेत. खिडकीवर बसणाऱ्या साथींनी जाताना एकेक घेऊन जावा. आणि ज्या भगिनीची गोष्ट सांगितली त्या आज सभेत आल्या आहेत. त्यांची खबर आता उशिराने का होईना नोंदवायची आहे. सभा संपल्यावर आम्ही त्यांच्याबरोबर जीआरपी ठाण्यात जात आहोत. ज्यांना यायचे त्यांनी दाराशी थांबावे.