सीमेवरच्या शाळा आणि दोन सरकारे

(सीमाभागातील प्राथमिक शिक्षक व पालक यांच्या मेळाव्यात आमच्या संपादकांनी केलेले भाषण)



सीमाप्रश्नाचा इतिहास आज मी उगाळणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला काय घडले हे या मंडपातील पोरासोरांनाही तोंडपाठ आहे. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वर्षी जे मूल पहिलीच्या वर्गात बसले, ते आज मिळवते होऊन स्वतःच्या लेकराला शाळेत घालण्याच्या वयाला आले आहे. न्यायालयात जो निकाल लागायचा तो लागो. मुलाची पहिली इयत्ता मात्र निकालासाठी खोळंबत नाही. म्हणून मला आज एवढेच विचारावयाचे आहे की, प्रदेशाचा वाद चालू असताना दोन शेजारी राज्यांना मुलांच्या शिक्षणापुरते एकत्र बसता येते की नाही?

येते, असे इतिहास सांगतो. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध बडोदे संस्थानाला लागू केला. नामदार गोखल्यांनी त्याच बडोद्याचा दाखला ब्रिटिश सरकारच्या तोंडावर फेकला. १९११ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. पुढल्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. पण विधेयक पडले म्हणून विचार पडला नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले आणि १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी कायदा झाला. एका संस्थानाने केले, दुसऱ्याने पाहिले, तिसऱ्याने उचलले. राजेरजवाड्यांना जे साधले ते लोकनियुक्त सरकारांना जड का जावे?

कोणी म्हणेल, कायद्यात तशी सोय नाही. सोय भरपूर आहे. दार ठोठावणारेच नाहीत. शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले अन्य मातृभाषेची असली, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, असे प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांनी १९४९ सालीच ठरविले होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते प्रत्येक राज्याला सांगते. त्याच वर्षीच्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या आणि सीमातंटे व भाषिक अल्पसंख्य हे दोन्ही विषय त्यांच्यापुढे आणण्याची मुभा दिली. आता गंमत पाहा. महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम विभागात, कर्नाटक दक्षिण विभागात! आपण नेमके दोन परिषदांच्या मधल्या भेगेत सापडलो आहोत. तथापि दोन विभागांच्या समाईक प्रश्नासाठी परिषदांची संयुक्त बैठक बोलावता येते, अशी तरतूदही त्याच कायद्यात आहे. आपण निवेदने दिली ती मुख्यमंत्र्यांना, राज्यपालांना, पंतप्रधानांना. सीमेवरच्या प्राथमिक शाळा एवढा एकच विषय घेऊन ही संयुक्त बैठक मागा, असा आग्रह आपण कधी धरणार?

आणि या बैठकीत आपण याचक म्हणून जाणार नाही, कारण हे देणेघेणे दुहेरी आहे. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी शाळा आहेत. पुण्याची बालभारती कन्नड पुस्तके छापते, कर्नाटकाचे पाठ्यपुस्तक मंडळ मराठी पुस्तके छापते. जतचा कन्नड मास्तर मराठी परिपत्रकापुढे डोके धरून बसतो आणि खानापूरच्या मराठी बाई कन्नड परिपत्रकापुढे. दोघांचे दुखणे एकच असता दोघांनी एकमेकांकडे परका म्हणून पाहावे, यात लाभ कोणाचा? आपल्या मुलांसाठी आपण जे मागतो ते जतच्या कन्नड मुलांसाठी महाराष्ट्र सरकारकडे आपणच मागितले पाहिजे. तसे केले तरच आपल्या मागणीला नैतिक वजन येईल.

पण मला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट वेगळीच आहे. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेले कोयते बीडहून निघतात आणि बेळगाव जिल्ह्याच्या उसाच्या फडांपर्यंत येऊन ठेपतात. विजापुराकडची कन्नड कुटुंबे तशीच सांगली-कोल्हापूरकडे जातात. आईबाप पहाटे फडात, आणि कोपीपाशी आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली. तिचे नाव गावच्या पटावर असते, पोर मात्र दुसऱ्या राज्यात असते. शिमग्याला ती परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. दोन-तीन हंगाम असे गेले म्हणजे तिची शाळा संपली. मग एके दिवशी तिच्याही हातात कोयता येतो.

या मुलीचा कैवार कायद्याने घेतला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे पाचवे कलम म्हणते की, राज्यात असो वा राज्याबाहेर, मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे; दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्यच ठरविले आहे. महाराष्ट्रात अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. पण कार्डावर मराठीत लिहिलेले पलीकडच्या कन्नड मुख्याध्यापकाने वाचावे कसे? दोन्ही भाषांत छापलेला एक साधा कागद, दोन्ही राज्यांनी मान्य केलेला! यासाठी कोणाच्या नकाशाची एक रेघही हलवावी लागत नाही.

आपल्यातीलच काही कडवे कार्यकर्ते म्हणतील, कर्नाटक सरकारशी असे सहकार्य म्हणजे आपल्या मागणीवर पाणी. मी त्यांना विचारतो, मराठी वाचणारे मूलच उरले नाही, तर निकालाचा कागद कोणाच्या हाती द्यायचा? मराठी शाळांचे पट उतरत आहेत, त्याचा सगळा दोष सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. सभेत मराठीचा जयघोष करून दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसविणारे या मंडपातही असतील. त्यांची नावे मी घेत नाही. त्यांना ती ठाऊक आहेत.

आजच्या ठरावाचा मसुदा व्यासपीठावर ठेवला आहे. त्यात संयुक्त बैठकीची आणि दुभाषी कार्डाची मागणी आहे, आणि जतच्या कन्नड शिक्षकांना आपल्या पुढच्या मेळाव्याचे निमंत्रणही आहे. ज्या गावांच्या शिवारात येत्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरणार आहेत, त्या गावांची नावे मात्र मसुद्यात कोरी सोडली आहेत. ती आम्हांस ठाऊक नाहीत, तुम्हांस आहेत. गुरुजींनी आणि बाईंनी उठून जाण्यापूर्वी आपापल्या गावाचे नाव तेथे लिहावे.