आधी पाणी, मग तेल

(इचलकरंजीतल्या कामकरी मायबहिणींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही केसांविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, केसांचं काय बोलायचं? पोटाचं बोला, पाण्याचं बोला, मजुरीचं बोला. खरं आहे. पण राठ केस ही नुसती नटण्यामुरडण्याची गोष्ट नाही. राठ केस तुटतात, गुंततात. त्यांच्यापायी बाटल्यांवर पैसा जातो. आणि कधी कधी केसांच्या गुंत्यात एखाद्या पोरीचं सगळं आयुष्य अडकून पडतं. ते पुढे सांगू. आधी केस म्हणजे काय, ते समजून घेऊ.

इचलकरंजी हे सुताचं गाव. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हापासून ह्या गावात मागाचा खडखडाट चालू आहे. म्हणून सूत कसं वागतं, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की काय होतं? धागा तटातट तुटतो. मग कारखान्यात पाणी शिंपडतात, हवेत ओल ठेवतात. आणि बीम मागावर चढण्याआधी सायझिंगमध्ये सुताला खळ देतात. खळीनं धाग्यावरची कुसं दबून बसतात. धागा गुळगुळीत होतो. मागावर घासला तरी टिकतो.

म्हणजे सुताला दोन गोष्टी लागतात. आत ओल आणि वरून लेप. केसालाही ह्याच दोन गोष्टी लागतात. आत पाणी आणि वरून तेल.

केसाचा धागा कसा असतो? त्याच्या अंगावर माशासारखे बारीक खवले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. घरावरची कौलं जशी एकावर एक बसतात, तसे ते बसलेले असतात. कौलं नीट बसली असली की घर शाकारलेलं राहतं. तसेच खवले नीट बसले की केसातली ओल आत राहते, केस मऊ लागतो, चकाकतो. खवले उचकटले की ओल उडून जाते. केस राठ होतो, पिंजारतो, टोकाला फाटतो.

केस पाणी पितो, हेही ध्यानात ठेवा. पुरता भिजला, तर तो आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पितो. म्हणून तर पावसाळ्यात केस फुगतात आणि कोरड्या हवेत भुरभुरतात.

आता एक प्रश्न विचारतो. केस कोरडा झाला की आपण काय करतो? तेलाची बाटली उपडी करतो. केस चोपडून काढतो. चार दिवसांनी पाहावं, तर केस वरून तेलकट आणि आतून राठच! असं का होतं?

कारण तेल म्हणजे पाणी नव्हे. तेलात ओल नसते. तेल ओल देत नाही, असलेली ओल राखतं. रांजण रिकामा असेल, तर त्यावर झाकण ठेवून काय उपयोग? आधी रांजण भरा, मग झाकण ठेवा. म्हणून आम्ही म्हणतो, आधी पाणी, मग तेल. आजच्या भाषणातलं दुसरं सगळं विसरलात तरी चालेल. एवढं विसरू नका.

केसांची ओल जाते कशानं? पहिलं कारण म्हणजे कढत पाणी. कढत पाण्यानं डोक्याचं आपलं नैसर्गिक तेल धुऊन जातं. दुसरं कारण कपड्यांचा साबण. त्यात खार असतो. खारानं खवले उचकटतात. त्यातून पाणी बोअरचं असलं, जड असलं, तर साबणाला फेस येत नाही. साबणाचा पांढरा साका केसांवर बसतो. केस काथ्यासारखे लागतात. तिसरं कारण ऊन आणि वारा. चौथं कारण कारखान्यात उडणारं कापसाचं तूस. कांड्या भरणाऱ्या बायांना हे सांगायला नको. पाळी संपताना डोकं पांढरं झालेलं असतं. तूस केसांत अडकतं, गुंता होतो. मग घरी येऊन ओढून ओढून विंचरलं की केस तुटतो.

आता उपाय ऐका. यात महाग काही नाही.

न्हायच्या आधी दोन तास, नाहीतर आदल्या रात्री, केसांना खोबरेल लावा. चमचा-दोन चमचे पुरे. मुळापेक्षा टोकांना जास्त लावा, कारण टोकं जुनी असतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. हातभर लांब केसाचं टोक म्हणजे चार वर्षांचं जुनं झालं! चार वर्षं त्यानं ऊन, वारा, साबण सोसलेला असतो.

खोबरेलच का? त्याला आधार आहे. २००३ साली आरती रेळे आणि मोहिले ह्या मुंबईच्या दोन संशोधकांनी तीन तेलं ताडून पाहिली. एक खोबरेल, दुसरं सूर्यफुलाचं, तिसरं खनिज तेल. त्यांना आढळलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं, आणि धुताना केसातली प्रथिनं वाहून जातात, ती कमी जातात. बाकीच्या दोन तेलांनी तसा फायदा झाला नाही. आपल्या आज्या-पणज्या न्हाण्याआधी डोक्याला खोबरेल चोळत. त्यांची रीत बरोबर होती.

न्हाताना पाणी कोमट घ्या. आठवड्यातून एकदा-दोनदा न्हालं तरी पुरे. शिकेकाईच्या पाच-सहा शेंगा रात्री भिजत घाला, सकाळी उकळा, गाळून घ्या. शिकेकाई मळ काढते, पण साबणासारखी खारट नाही. रिठा घालायचा असेल, तर थोडाच घाला. रिठा जास्त झाला की केस कोरडे पडतात. डोळ्यांत गेला तर झोंबतो.

शांपूची पुडी वापरत असाल, तर ती थेट डोक्यावर ओतू नका. तांब्यात थोडं पाणी घ्या, त्यात कालवा, आणि तो फेस केसांच्या मुळांना चोळा. मळ मुळाशी असतो. टोकं वाहत्या फेसानं आपोआप धुतली जातात.

धुऊन झाल्यावर जास्वंदीची पाच-सात पानं पाण्यात कुस्करा. बुळबुळीत पाणी निघेल. ते गाळून केसांना लावा, पाच मिनिटं ठेवा, मग धुवा. त्या चिकट पाण्यानं केस मऊ होतात आणि गुंता सहज सुटतो. दुकानात कंडिशनर मिळतं, तेही केसावर पातळ लेप देऊन खवले दाबून बसवतं. ते परवडत असेल तर जरूर वापरा. पण ते नाही म्हणून अडून बसू नका.

आता पुसण्याचं पाहू. पंचानं केस झटकू नका, खसाखसा चोळू नका. इथे केसाची आणि सुताची वाट वेगळी होते. सुती धागा ओला झाला की बळकट होतो. केस मात्र ओला झाला की नाजूक होतो. म्हणून जुन्या धोतराचं मऊ फडकं घ्या. केस त्यात गुंडाळा. हळूच दाबून पाणी टिपा. फणी लगेच घालू नका. आधी बोटांनी गुंता सोडवा. मग मोठ्या दातांची फणी घ्या, आणि टोकाकडून सुरुवात करून वर वर जा.

केस अजून दमट आहेत. हीच तेल लावायची वेळ! तळहातावर खोबरेलाचे चार-पाच थेंब घ्या. हात एकमेकांवर चोळा आणि केसांच्या खालच्या अर्ध्या भागावरून फिरवा. आत पाणी आहे, त्यावर तेलाचं झाकण बसलं. मग सैल वेणी घाला. मोकळ्या केसांपेक्षा वेणीतली ओल जास्त दिवस टिकते.

पुढच्या न्हाण्यापर्यंत मधे एखाद्या दिवशी टोकं कोरडी वाटली, तर काय करायचं? हात पाण्यानं ओला करा, टोकांवरून फिरवा, मग एक-दोन थेंब तेल लावा. पुन्हा तेच. आधी पाणी, मग तेल.

कामावर जाताना डोक्याला रुमाल घट्ट बांधा. त्यानं तूस अडतं. मागाच्या पट्ट्यात केस किंवा पदर सापडण्याचा धोकाही टळतो. रात्री निजताना जुन्या गुळगुळीत पातळाचा तुकडा डोक्याला गुंडाळा. उशीच्या जाड कापडावर केस घासत नाहीत.

आता तुम्हाला वाचता येऊ लागलं आहे. त्याचा इथे उपयोग करा. तेलाची बाटली घेताना नुसतं चित्र पाहू नका. मागची बारीक अक्षरं वाचा. ती इंग्रजी असली, तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. पुष्कळ बाटल्यांवर लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल असं लिहिलेलं असतं. ते खनिज तेल. ते विष नव्हे. केसावरून ओल उडू देत नाही, पण आत शिरत नाही. आपण बदामाच्या चित्राचे पैसे मोजतो की बदामाच्या तेलाचे, हे आपल्याला कळलं पाहिजे.

आणखी एक. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे साधं आहे. घाबरू नका. पण केस एकाएकी राठ झाले, मुठीनं गळू लागले, सोबत थकवा, धाप किंवा अंग जड वाटणं असेल, तर दोष तेलाचा नाही. अंगात रक्त कमी असेल, किंवा थायरॉइडचा विकार असेल. अशा वेळी दवाखाना गाठा, रक्त तपासून घ्या. डोक्याला तेल लावून पोटातली उणीव भरून निघत नाही.

आता ती मघाची गोष्ट. ही जरा शांतपणे ऐका.

केसांना पाणी नाही, तेल नाही, फणी नाही, असं बरेच दिवस चाललं की काय होतं? उचकटलेले खवले एकमेकांत अडकतात. त्यात धूळ बसते, तूस बसतं, घाम बसतो. ओली लोकर रगडली की तिचा घट्ट थर होतो, तसा केसांचा गोळा होतो. तो फणीनं सुटत नाही. ह्यालाच आपण जट म्हणतो.

कोल्हापूरकडे आणि सीमेपलीकडे बेळगाव भागात जट आली की लोक म्हणत, सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीनं बोलावलं. जटेला कात्री लावली तर कोप होईल, ही भीती. मग त्या पोरीला देवाला सोडत. तिचं लग्न नाही, घर नाही. पुढे तिचे काय हाल होत, ते तुम्ही जाणता. हे थांबावं म्हणून मुंबई सरकारनं १९३४ साली कायदा केला. कर्नाटकानं १९८२ साली केला. महाराष्ट्राचा देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा २००५ सालचा आहे. मुलीला देवाला सोडणं हा आता गुन्हा आहे.

पण कायदा झाला तरी मनातली भीती लगेच जात नाही. आजही कुठे कुठे बाया डोक्यावर जटेचं ओझं वाहतात. मान दुखते, उवा होतात, जखमा होतात, तरी कात्री लावायला भितात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. त्या समितीच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायांची समजूत घालून त्यांच्या जटा काढून दिल्या. जट निघाल्यावर मान हलकी झाली. डोक्याला पाणी लागलं, फणी लागली.

तुम्ही देवीला नमस्कार करा. ती तुमची श्रद्धा आहे. पण जट हा देवीचा निरोप नव्हे. जट हा न सोडवलेला गुंता आहे. लहान पोरीच्या केसांत पहिली गाठ दिसली, की तिला कुंकू लावू नका. पाणी लावा, तेल लावा, बोटांनी हळूहळू सोडवा. सुटत नसेल तर तेवढी गाठ कापून टाका. केस महिन्याभरात पुन्हा वाढायला लागलेला दिसेल.

तेव्हा बायांनो, घरी गेल्यावर शेजारणीला सांगा, सासूला सांगा, लेकीला सांगा. आणि भावांनो, तुम्हीही ऐकलंत. घरातल्या बाईला न्हायला तांब्याभर जास्त पाणी आणि निवांत अर्धा तास मिळेल, एवढं तुम्ही पाहा. पाळीवरून दमून आलेल्या बाईला तोच मिळत नाही, आणि तिच्या केसांचा गुंता बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.