पनवेल खाडीतली निवटी

ओहोटी लागली की पनवेलच्या खाडीत तिवरांलगतचा चिखल उघडा पडतो आणि बिळांतून निवट्या बाहेर येतात. छातीच्या परांवर जोर देत हा मासा चिखलावर सरकतो, शेपटीच्या झटक्यानं उडीही मारतो.

निवटीचे डोळे माथ्यावर असतात. कोरडे पडू लागले की ती ते खोबणीत ओढून ओले करते. पाण्याबाहेर ओली कातडी हवेतला प्राणवायू शोषते. डोकं डावी-उजवीकडे हलवत ती चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ खरवडून खाते.

आगरी-कोळी घरांत तिचं कालवण आवडीनं होतं. पण चिखलावर भराव पडला की बिळं बुजतात. म्हणून हा किनारा जपायलाच हवा.

इथल्या निवटीचं शास्त्रीय नाव बोलिओफ्थॅल्मस डुसुमिएरी. १८३७ साली नोंदलेली ही जात पश्चिम भारतापासून इराणच्या आखातापर्यंत आढळते.