केबल नको, पण सामना हवा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

ऑगस्टच्या शेवटी इथे अमेरिकेत कॉलेजांचा फुटबॉल सुरू होतो, मुलींचं व्हॉलीबॉलही त्याच सुमारास. नोव्हेंबरात बास्केटबॉल लागतं, ते थेट एप्रिलपर्यंत चालतं. आपल्या पुष्कळ मराठी घरांत आता या खेळांशी नातं जुळलं आहे. कोणाचा मुलगा रटगर्समध्ये शिकतो, कोणाची भाची ऑस्टिनला आहे, कोणाची लेक स्वतःच संघात खेळते. केबल तर बहुतेकींनी कधीच बंद केली. मग सामना बघायचा कशावर?

कित्येक घरांत याचं उत्तर घाईत दिलं जातं. मुलं सांगतील ते ॲप घेतलं जातं, वर्षभर कार्डावरून पैसे जात राहतात, आणि ज्या संघासाठी ते घेतलं त्याचे निम्मे सामने दुसरीकडेच असतात. म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. आधी संघ, मग चॅनेल आणि सगळ्यात शेवटी ॲप. जेवायला किती माणसं आहेत हे बघूनच आपण तांदूळ धुवायला घेतो ना, तसंच हे.

प्रत्येक मोठं कॉलेज एखाद्या कॉन्फरन्समध्ये असतं आणि सामने दाखवायचे हक्क ती कॉन्फरन्स विकते. रटगर्स, मिशिगन, ओहायो स्टेट हे बिग टेनमध्ये आहेत. त्यांचे मोठे सामने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीवर विभागलेले असतात, काही बिग टेनच्या स्वतःच्या चॅनेलवर, तर काही फक्त पीकॉकवर. टेक्सास विद्यापीठ २०२४ पासून एसईसीत गेलं. एसईसीचे सामने एबीसी, ईएसपीएन आणि एसईसीच्या चॅनेलवर येतात. म्हणजे शेजारणीला पुरलेलं ॲप तुम्हाला पुरेलच असं नाही.

तेव्हा कॉलेजच्या खेळांच्या संकेतस्थळावरून वेळापत्रक काढा. प्रत्येक सामन्यापुढे चॅनेलचं नाव असतं. फुटबॉलच्या काही सामन्यांचं चॅनेल आठवडा-दोन आठवडे आधी ठरतं, ती जागा मोकळी ठेवा. मग कागदावर मोजा : एबीसीवर किती, फॉक्सवर किती, ईएसपीएनवर किती.

आता पहिली खरेदी. ती म्हणजे छपरावरची किंवा खिडकीतली साधी अँटेना. एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स ही चारही चॅनेलं हवेतून फुकट येतात. पैसे अँटेनाचे एकदाच, महिन्याचं बिल नाही. एफसीसी या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर आपला पत्ता टाकला की कोणतं चॅनेल किती जोरात येईल ते नकाशावर दिसतं. अँटेना मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत, जमेल तितकी उंच लावा आणि टीव्हीवर चॅनेलं पुन्हा शोधायला लावा. भाड्याच्या घरात असाल तरी घाबरू नका. फक्त तुमच्याच वापरातल्या बाल्कनीत अँटेना लावायला घरमालक सहसा मनाई करू शकत नाही, तसा नियमच आहे.

अँटेनाची किंमत कळायची असेल तर ७ एप्रिल २०२४ आठवा. साउथ कॅरोलायना आणि आयोवा यांच्यातला मुलींच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना एबीसीवर होता. तो एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. मुलांचा अंतिम सामना त्या वर्षी केबलच्या चॅनेलवर होता आणि त्याचे प्रेक्षक दीड कोटीच्या आत राहिले. मुलींचा सामना पहिल्यांदाच मुलांच्या पुढे गेला. आणि ज्यांच्या घरी अँटेना होती, त्यांना तो फुकट दिसला.

अँटेनावर न येणारे सामने उरले, तरच वर्गणीचा विचार करा. यूट्यूब टीव्हीसारख्या सेवेत जवळजवळ सगळी चॅनेलं एकत्र मिळतात. सोय मोठी, पण जानेवारी २०२५ पासून तिची किंमत महिन्याला ८२ डॉलर ९९ सेंट झाली. वर्षाचे हजाराला चारच डॉलर कमी. फुटबॉलपुरती चार महिने ठेवली तर ३३२ डॉलरच्या आत. ऑगस्ट २०२५ पासून ईएसपीएन स्वतःच, केबलशिवाय, महिना २९ डॉलर ९९ सेंटला मिळू लागलं, त्यात एसईसी आणि एसीसीची चॅनेलंही आहेत. त्याच वेळी फॉक्सने १९ डॉलर ९९ सेंटला आपली सेवा काढली, तिच्यात बिग टेनचं चॅनेल येतं. म्हणजे टेक्सासवालीने अँटेना आणि ईएसपीएन घ्यावं, रटगर्सवालीने अँटेना आणि फॉक्सची सेवा, पीकॉक लागेल त्या महिन्यापुरतं. किमती बदलत असतात, घेण्याआधी त्या दिवशीचा आकडा बघा.

सगळं एकाच ठिकाणी घेतलं म्हणजे निश्चिंती, असंही नाही. ३० ऑक्टोबर २०२५ ला पैशांच्या वादातून यूट्यूब टीव्हीवरून ईएसपीएन आणि एबीसी गेले, ते दोन आठवडे आले नाहीत. फुटबॉलचे ऐन भरातले दोन शनिवार गेले. अँटेनावरचं एबीसी मात्र चालूच होतं.

दोन-तीन बारीक गोष्टी. वर्गणी घेतल्या दिवशीच कॅलेंडरवर बंद करायची तारीख लिहा. रोकूवरून घेतली असेल तर ती तिथूनच बंद करावी लागते. ॲपवरचं चित्र अँटेनापेक्षा थोडं मागे असतं, म्हणून सामना रंगात आला की व्हॉट्सॲप बाजूला ठेवा, नाहीतर गुण आधी कळतो. आणि फुकट दाखवतो म्हणून कार्डाचा नंबर मागणाऱ्या अनोळखी संकेतस्थळाच्या वाटेला जाऊ नका.

ज्यांच्या लेकी खेळतात त्यांना आणखी एक सांगते. व्हॉलीबॉल, सॉकर, टेनिसचे बरेच सामने मोठ्या चॅनेलवर येतच नाहीत. बिग टेनमधले असे सामने बी-वन-जी प्लस या वेगळ्या वर्गणीत असतात, मोठं पॅकेज घेऊनही ते त्यात मिळत नाहीत. पुष्कळ लहान कॉलेजं आपले सामने स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट दाखवतात. तेव्हा ऐंशी डॉलर भरण्याआधी कॉलेजला एक ईमेल करून विचारा.

शिक्षणात मुलींना समान हक्क देणारा टायटल नाइन कायदा १९७२ साली झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये नेब्रास्कात मुलींचं व्हॉलीबॉल पाहायला ९२,००३ माणसं स्टेडियममध्ये जमली. मधली पन्नास वर्षं मुली खेळत होत्याच, पण त्यांच्या आयांना घरी बसून ते बघता येत नव्हतं. आज येतं. घरात फुटबॉलसाठी महिन्याला ऐंशी डॉलर निघत असतील, तर लेकीच्या सामन्यासाठी दहा-वीस निघायलाच हवेत. तेव्हा या शनिवारी वेळापत्रक आणि पेन घेऊन बसा, आणि पहिली रेघ तिच्या सामन्याखाली ओढा.