बाधा की थायरॉईड?

आमच्या बोरीत हल्ली एखाद्या बाईची तब्येत विचारली की उत्तर येतं, 'तिला थायरॉईड निघालं.' खरं तर थायरॉईड हे आजाराचं नावच नव्हे. कंठमण्याच्या खाली, श्वासनळीला बिलगून, फुलपाखरासारखी पसरलेली ती एक ग्रंथी आहे आणि ती तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच आहे. शासकीय परिभाषेत तिला अवटु ग्रंथी म्हणतात. हा शब्द परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या एकाही माणसाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. लोकांनी ग्रंथीचं नाव आजाराला देऊन टाकलं आणि ते चाललं. माझी त्याला हरकत नाही. आजाराला नाव मिळालं की निम्मी भीती कमी होते. हरकत आहे ती वेगळ्या गोष्टीला. हाच आजार गळ्यातून डोक्यात चढला, की आपण आजाराला नाव देत नाही, माणसाला नावं ठेवतो.

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए. वैद्यक शिकवायला मी बसलेलो नाही. पण डॉक्टर लोक आजारांची नावं कशी ठरवतात, याचं मला जुनं कुतूहल आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आजारांच्या वर्गीकरणाचा एक जाडजूड ग्रंथ आहे. त्याची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. तलाठ्याच्या दप्तरात जसा प्रत्येक जमिनीला गट नंबर, तसं तिथं प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि आकडे. थायरॉईडचे विकार 'ई' या अक्षराखाली, मधुमेहाच्या शेजारी. मनाचे आजार 'एफ' खाली. म्हणजे दोन वेगळी कपाटं. पण 'एफ'च्या कपाटातला अगदी पहिला खण, शून्य ते नऊ, एका चमत्कारिक जातीच्या आजारांसाठी राखून ठेवला आहे. लक्षणं मनाची, मूळ मात्र मेंदूच्या इजेत किंवा शरीराच्या आजारात. त्यांना इंग्रजीत 'ऑरगॅनिक' म्हणत. शब्दकोश उघडून मराठी करायला गेलं तर 'सेंद्रिय मनोविकार' होतं, आणि कृषी विद्यापीठाच्या परभणीत सेंद्रिय म्हटलं की माणसाला गांडूळखतच आठवणार. मी आपला 'शरीरजन्य' म्हणतो. थायरॉईडमुळे आलेलं नैराश्य, भास किंवा विस्मरण असेल तर त्याची नोंद दोन्ही कपाटांत करायची, एक आकडा मनाचा आणि एक गळ्याचा. हा नियम मला आवडतो. कारण आपल्याकडे या दोन्हींच्या आधी एक तिसरंच कपाट उघडतं. त्याचं नाव बाधा.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. नात्यातली एक खाला, नाव सांगत नाही. चाळिशीतली, लग्नघरी ढोलक पुढ्यात घेऊन बसणारी. आधी तिचं गाणं बंद झालं, मग बोलणं मंदावलं. विचारलेल्याचं उत्तर यायला इतका वेळ लागे की विचारणारा उठून जाई. वैशाखात, परभणीचं ऊन डोक्यावर असताना ती गोधडी पांघरून बसे. चेहरा सुजला, केस गळाले, कातडी खरखरीत झाली. आणि आवाज घोगरा झाला. इथं सगळं बिनसलं. बायका म्हणाल्या, हा बाईचा आवाजच नव्हे, हिच्या अंगात कुणीतरी पुरुष बोलतोय. पुढं खाला म्हणू लागली की सून जेवणात काहीतरी कालवते. झालं, शिक्कामोर्तब झालं. ताईत आले, धागे आले, फुंकलेलं पाणी आलं. पलीकडच्या गावच्या देवऋष्याकडेही नेलं. या एका बाबतीत आमच्याकडे हिंदू-मुसलमान भेद कुणी पाळत नाही. मग शहरातल्या एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्यांनी ती आणखी सुस्तावली.

शेवटी खोकल्यासाठी म्हणून नेलं असताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. नाडी मोजली, ती मंद. घोट्यामागच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल हललं खरं, पण जागेवर परत यायला वेळ लागला. रक्त तपासायला परभणीला गेलं. तपासणीचं नाव टीएसएच. थायरॉईड काम करीनाशी झाली की मेंदूखालची पियुषिका ग्रंथी तिला ओरडून जागं करू पाहते. टीएसएच म्हणजे ते ओरडणं. आकडा साधारण चार-पाचच्या आत असावा लागतो. खालाचा शंभराच्या वर होता.

गोळी सुरू झाली. काही आठवड्यांत सूज उतरली. सुनेवरचा संशय जायला मात्र महिने लागले. आवाजही परत आला.

हे फक्त आमच्या खेड्यात होतं असं समजू नका. १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी अशा सुजलेल्या, मंदावलेल्या बायकांचं वर्णन प्रथम नीट लिहून ठेवलं. १८८८ मध्ये तिथल्याच वैद्यकांच्या एका समितीनं शंभरावर रुग्णांचा अहवाल काढला, तेव्हा जवळपास निम्म्यांत भास किंवा भ्रम आढळले. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईला उठवून बसवलं. ती पुढं अठ्ठावीस वर्षं जगली. इतकं सगळं माहीत झालेलं असूनही १९४९ साली रिचर्ड ॲशर यांना पुन्हा लिहावं लागलं. त्यांनी चौदा रुग्णांची हकिगत छापली. थायरॉईड दिल्यावर त्यांतले नऊ पूर्ण बरे झाले, दोघं दगावले. म्हणजे उशीर झाला तर हे प्रकरण जिवावरही बेतू शकतं. गंमत अशी की हा आजार ॲशर यांच्या आधी एका कादंबरीनं लोकांपर्यंत नेला होता. ए. जे. क्रोनिन या डॉक्टर-लेखकाची 'द सिटाडेल' १९३७ ची. तिच्यात खाणीच्या गावातला एक जण हिंसक होतो, वेड्यांच्या इस्पितळात धाडायचा कागद तयार होतो, आणि सही करायला आलेला तरुण डॉक्टर त्याचा सुजलेला चेहरा पाहून सही नाकारतो. याच कादंबरीवरून विजय आनंद यांनी १९७१ मध्ये 'तेरे मेरे सपने' काढला. नीरज यांच्या गाण्यांसाठी आम्ही तो पुन्हा पुन्हा पाहिला.

थायरॉईड कमी पडते तशी जास्तही चालते. मग माणूस भरपूर खाऊन वाळतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, झोप उडते, चिडचिड होते. घरचे म्हणतात, टेन्शन घेतो. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हे दोन्ही प्रकार होऊ शकतात आणि त्या वेळी तर बाईला काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते इथं सांगत बसत नाही.

आता थोडं कडू बोलतो. खाला आजारी असताना तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. कारण एकच, आई वेडी आहे. पुढं दुसरं स्थळ आलं तेव्हा खालूंनी तो रक्ताचा रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून पाहुण्यांपुढं ठेवला. 'वेड नव्हतं हो, थायरॉईड होतं.' पाहुण्यांना कागद कितपत समजला कोण जाणे, पण लग्न झालं. मला याचा आनंद आहे आणि हे मला खटकतंही. कारण बहुतेक मनोरुग्णांचा टीएसएच चांगलाच येणार. ज्या बाईचा आकडा बरोबर आला, तिच्या लेकीनं पाहुण्यांपुढं कोणता कागद ठेवायचा? गळ्याचा आजार इभ्रतीचा आणि मनाचा बेइज्जतीचा, हा हिशेब कुणी लावला? अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी तर १९९४ सालीच आपल्या वर्गीकरणातून 'ऑरगॅनिक' हा शब्द काढला. बाकीच्या मनोविकारांना शरीरात काही आधारच नाही, असा चुकीचा अर्थ त्यातून निघत होता. जागतिक संघटनेची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तिच्यातही तो शब्द नाही. शरीराच्या आजारामागून आलेल्यांना तिथं 'दुय्यम' म्हटलं आहे. वर्गीकरण करणारे शहाणे झाले, सोयरीक करणारे व्हायचे आहेत.

बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमाराला आपल्या भागातून किती माणसं जातात, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांत मनानं आजारी असलेले पुष्कळ. त्यांना हसणं सोपं आहे. पण राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. माणूस जवळचं दार ठोठावतो. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळी घालायला मनाई केली आहे. दुआ मागायला कायद्याची मनाई नाही आणि माझीही नाही. जायचं तर जा, पण रक्त देऊन जा. आणि रिपोर्ट चांगला आला तरी मनोविकारतज्ज्ञांचं दार टाळू नका.

एक प्रश्न मला गावात दर रमजानला हमखास विचारला जातो, जणू मीच हकीम. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची, मग रोजा असताना कशी? सहरीला उठल्याबरोबर पाण्यासोबत घ्यावी आणि खाणं-चहा अर्ध्या-पाऊण तासानं. तेवढा वेळ मिळत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन-चार तास जाऊ देऊन झोपताना. कोणतं जमेल ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा, पण महिनाभर गोळी बंद ठेवू नका.